वाचकांचे प्रश्न : मका, इथेनॉल आणि मागे उरणारा चोथा

मक्याच्या बाजारात आता कोंबडीखाद्य आणि स्टार्च कारखान्यांच्या जोडीला पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल करणारी डिस्टिलरी हे मोठे गिऱ्हाईक उभे आहे. या विषयावर शेतकरी, दूध उत्पादक, साखर कारखान्यांतले कर्मचारी आणि विद्यार्थी अशा सर्वांकडून प्रश्न आले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

दिवाळीच्या आधी मका काढला की ओलावा २२-२३ भरतो. व्यापारी म्हणतो, डिस्टिलरीला १४ चाच माल लागतो, म्हणून १४ च्या वरच्या प्रत्येक पॉइंटला दीड टक्का वजन कापणार. हे बरोबर आहे का? इथेनॉलच करायचे तर दाणा ओला असला म्हणून काय बिघडते? — शेतकरी, ता. सिल्लोड

आधी वजनाचा हिशेब. दाण्यातला कोरडा भाग बदलत नाही, उडते ते फक्त पाणी. १०० मधून आताचा ओलावा वजा करा आणि त्याला ८६ ने भागा. २२ टक्के ओलावा असेल तर ७८ भागिले ८६, म्हणजे ०.९०७. तुमचा १०० क्विंटल ओला मका वाळून ९०.७ क्विंटल होणार. खरी तूट ९.३ क्विंटल, म्हणजे पॉइंटमागे साधारण १.१६ टक्के. व्यापारी पॉइंटमागे दीड टक्का धरत असेल तर आठ पॉइंटचे १२ क्विंटल होतात. जास्तीचे २.७ क्विंटल तुमच्या खिशातून जातात. क्विंटलला २,००० रुपये भाव धरला तर १०० क्विंटलमागे ५,४०० रुपये. हाताळणीत फुटणारा, उडणारा माल म्हणून अर्धा टक्का तो मागत असेल तर ते समजण्यासारखे आहे. त्यापुढची कपात ही वाळवणुकीची मजुरी आहे आणि ती तशी सांगूनच ठरवली पाहिजे.

मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पोत्याच्या तोंडचा मूठभर मका घेतला तर आकडा हवा तसा दाखवता येतो. ट्रॉलीच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून, वरून व खालून नमुने घ्या, एकत्र मिसळा आणि तीन वेळा मोजून सरासरी काढा. उन्हातून उचललेला गरम दाणा आकडा चुकवतो, म्हणून तो सावलीत निवू द्या.

आता डिस्टिलरीचे म्हणणे. ती मका विकत घेते, पण तिला हवा असतो स्टार्च. दहा टनांच्या गाडीत २२ टक्के ओलावा म्हणजे २.२ टन पाणी. ते एक वेळ वजनात वळते करता येते, पण बुरशी वळती करता येत नाही. १६ टक्क्यांच्या वर ओलावा आणि २५ ते ३५ अंश तापमान मिळाले की दोन-चार दिवसांत बुरशी धरते, आणि त्यातल्या काही बुरशी अफलाटॉक्सिन हे विष तयार करतात. ते शिजवून जात नाही, आंबवून जात नाही आणि दारूबरोबर उडतही नाही. ते सगळे मागे उरणाऱ्या चोथ्यात, म्हणजे जनावरांच्या खाद्यात उतरते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

शेतात करायचे काम साधे आहे. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला. त्या वेळी ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास असतो. कणीस ताटावरच आणखी वाळू द्या, पाऊस येणार असेल तरच घाई करा. मळणी १८ टक्क्यांच्या आत आल्यावर करा. ओल्या दाण्याची मळणी केली की दाणा फुटतो आणि बुरशी फुटलेल्या जागेतूनच आत शिरते. ताडपत्रीवर दोन-अडीच इंचांपेक्षा जाड थर नको, तासातासाला पालथा घाला आणि संध्याकाळी झाका, कारण रात्रीच्या दवाने दिवसभराची कमाई जाते. ड्रायर वापरत असाल तर दाण्याचे तापमान ६० अंशांपुढे जाऊ देऊ नका, नाहीतर दाण्याला आतून तडे जातात. महिनोन् महिने साठवायचा असेल तर १४ नव्हे, १२ टक्क्यांवर आणा.

एक टन मक्यापासून ३८० लिटर इथेनॉल मिळते असे सरकारी हिशेबात धरतात. हा आकडा कुठून आला? प्रत्यक्ष प्रक्रिया टप्प्याटप्प्याने सांगाल का? — सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक

१४ टक्के ओलाव्याच्या एक टन मक्यात साधारण ६२० किलो स्टार्च असतो. स्टार्चची साखळी तुटताना प्रत्येक कडीला पाण्याचा एक रेणू जोडला जातो, म्हणून ६२० किलो स्टार्चपासून १.११ पटीने ६८९ किलो ग्लुकोज होते. ग्लुकोजच्या वजनापैकी ५१.१ टक्के इथेनॉल आणि ४८.९ टक्के कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ३५२ किलो इथेनॉल. घनता ०.७८९ धरली की ४४६ लिटर. ही कागदावरची कमाल मर्यादा. ३८० लिटर म्हणजे तिच्या ८५ टक्के. उरलेले १५ टक्के कुठे जातात हे शोधत राहणे हेच डिस्टिलरीतल्या रसायनतज्ज्ञाचे रोजचे काम असते. थोडा स्टार्च न फुटता राहतो, थोडी साखर यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी आणि ग्लिसरॉल करण्यासाठी वापरते, थोडी जिवाणू खातात आणि थोडे अल्कोहोल ऊर्ध्वपातनात सुटते.

सुरुवात सफाईने होते. चाळण, लोहचुंबक, खडे काढणारे यंत्र. मग हॅमर मिल, जाळी साधारण २ ते ३ मिलिमीटर छिद्रांची. दळण जाड राहिले तर कणाच्या गाभ्यातला स्टार्च विकरांच्या (एन्झाइमच्या) हाती लागत नाही. फार बारीक झाले तर पाण्यात गोळे होतात, पुढे डिकँटरमध्ये चोथा नीट वेगळा होत नाही आणि बारीक गाळ बाष्पीभवन यंत्राच्या नळ्यांत जाऊन बसतो. जाळी झिजून मोठी झाली की उतारा पाच-दहा लिटरने घसरतो आणि दोष मात्र यीस्टला दिला जातो. म्हणून रोज पिठाची चाळणी चाचणी घ्यावी.

एक टन पिठात दोन टनांच्या थोडे वर पाणी मिसळतात. त्यातला काही वाटा मागच्या घाण्यातून, म्हणजे आधीच्या आंबवणीतून, उरलेल्या पातळ द्रवाचा असतो. कोरड्या पदार्थाचे प्रमाण २७ ते २९ टक्के येते. सामू (पीएच) ५.४ ते ५.८ आणि अल्फा अमायलेज हे विकर टनाला साधारण २०० ते ४०० ग्रॅम. नेमकी मात्रा विकर बनवणाऱ्या कंपनीच्या पत्रकावरून ठरवावी, कारण प्रत्येकाची ताकद वेगळी असते. मक्याचा स्टार्च ६२ ते ७२ अंशांदरम्यान फुगतो आणि खळ बनतो. म्हणून विकराचा एक भाग आधीच टाकतात, नाहीतर खळ इतकी घट्ट होते की पंप ओढत नाही. जेट कुकरमध्ये वाफेने तापमान १०५ ते ११० अंशांवर काही मिनिटे नेतात, मग ८५ अंशांवर उरलेले विकर घालून दीड-दोन तास ठेवतात. झाले की नाही ते आयोडीनने तपासा. निळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, तांबूस-तपकिरी आला तर काम झाले.

मग ३२ अंशांपर्यंत थंड करून, सामू ५ च्या खाली आणून यीस्ट आणि ग्लुकोअमायलेज एकदमच घालतात. या दुसऱ्या विकराची मात्रा टनाला अर्ध्या किलोच्या आसपास असते. ग्लुकोज तयार होत जाते आणि यीस्ट ते लगेच खात जाते, त्यामुळे साखर एकदम साचून यीस्टवर ताण येत नाही. यीस्टला नत्रासाठी युरिया लागतो, हजार लिटर घाण्याला अर्धा ते एक किलो. येथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. तो औद्योगिक दर्जाचाच हवा. शेतीसाठीचा अनुदानित निमलेपित युरिया कारखान्यात वापरणे हा गुन्हा आहे.

५४ ते ६० तासांत वॉशमध्ये, म्हणजे आंबलेल्या द्रवात, १२ ते १४ टक्के अल्कोहोल तयार होते. पहिल्या स्तंभात चोथा खाली राहतो आणि अल्कोहोलची वाफ वर येते. पुढच्या स्तंभात ते ९५ टक्क्यांच्या आसपास जाते आणि तिथेच अडते, कारण वजनाने ९५.६ टक्क्यांना पाणी आणि अल्कोहोल एकाच प्रमाणात उकळतात. कितीही मोठा स्तंभ उभारला तरी साध्या ऊर्ध्वपातनाने त्यापुढे जाता येत नाही. उरलेले पाणी मॉलिक्युलर सीव्ह काढते. तिच्या मण्यांची छिद्रे ३ अँगस्ट्रॉमची असतात. पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेर राहतो. वाफ नीट तापलेली नसेल आणि थेंब मण्यांवर पडले तर मणी फुटून भुगा होतो, म्हणून वाफेचे तापमान पाहत राहणे महत्त्वाचे. आयएस १५४६४ या भारतीय मानकाप्रमाणे इंधनाचे इथेनॉल आकारमानाने किमान ९९.६ टक्के लागते.

आमच्या साखर कारखान्याची डिस्टिलरी मळीवर चालते. ऊस संपला की बंद. तिथेच मका चालवायचा विचार आहे. काय काय बदलावे लागेल? दुसरे असे की, धान्याच्या घाण्यात तीस तासांनंतर अल्कोहोल वाढायचे थांबते असे ऐकतो. तसे झाल्यास आधी काय तपासावे? — शिफ्ट केमिस्ट, जि. कोल्हापूर

मळीत साखर तयार असते. पाणी घातले, यीस्ट घातली की आंबवण सुरू. मक्यात साखर आधी तयार करावी लागते आणि चोथा शेवटी काढावा लागतो, म्हणून आंबवण टाक्यांच्या आधी आणि ऊर्ध्वपातनाच्या नंतर दोन्हीकडे नवी यंत्रे येतात. आधी सायलो, सफाई, दळण, स्लरी टाकी, जेट कुकर आणि द्रवीकरण टाक्या. नंतर डिकँटर, बाष्पीभवन यंत्र आणि ड्रायर. आंबवण टाक्या, मॉलिक्युलर सीव्ह आणि साठवण टाक्या बहुतेक तशाच चालतात. पहिला स्तंभ मात्र नीट तपासून घ्या. मळीच्या वॉशसाठी बसवलेल्या थाळ्या चोथ्याने तुंबतात आणि पंधरा दिवसांत दाब वाढायला लागतो. पिठाच्या धुळीचा स्फोट होऊ शकतो, ही मळीच्या डिस्टिलरीत नसलेली जोखीम आहे. दळण विभागात धूळ ओढणारी यंत्रणा, सर्व यंत्रांना अर्थिंग आणि वेल्डिंगसाठी लेखी परवानगी यांत तडजोड नको. आणखी एक, मळीचा स्पेंट वॉश (अल्कोहोल काढल्यावर उरणारे सांडपाणी) आणि मक्याचा चोथा कधीही एकत्र येता कामा नये. स्पेंट वॉशमधल्या पालाशामुळे आणि रंगामुळे चोथा खाद्य म्हणून विकता येत नाही. हंगाम बदलताना सगळ्या वाहिन्या धुऊन घ्याव्या लागतात.

सहकारी कारखान्यांसाठी केंद्राने मार्च २०२५ मध्ये याच बदलासाठी व्याज सवलत जाहीर केली. वर्षाला ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजदराच्या निम्मे, यांतले जे कमी असेल ते, पाच वर्षांसाठी, त्यात एक वर्ष हप्ते नाहीत. सवलत मोहवणारी आहे, पण सही करण्याआधी हा हिशेब मांडा. १०० किलोलिटर रोज म्हणजे ३८० लिटरच्या उताऱ्याने दिवसाला २६३ टन मका, दहा टनांच्या २६ गाड्या. मका क्विंटलला २,४०० रुपये असेल, जो २०२५-२६ चा हमीभाव होता, तर एका लिटरमागे कच्च्या मालाचेच ६३ रुपये १६ पैसे होतात. तेल कंपन्यांनी जानेवारी २०२४ पासून मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे दर दिला. उरलेल्या ८ रुपये ७० पैशांत कोळसा, वीज, विकरे, पगार आणि व्याज. उतारा ३६० वर घसरला तर कच्चा मालच ६६ रुपये ६७ पैशांवर जातो. हा धंदा चोथ्याच्या विक्रीवर आणि उताऱ्यावर तरतो, हे संचालक मंडळाला आधीच सांगा.

घाणा अडकला तर घाईने यीस्ट ओतू नका. आधी नमुना घेऊन तीन आकडे काढा, ग्लुकोज, डेक्स्ट्रिन (अर्धवट तुटलेला स्टार्च) आणि सेंद्रिय आम्ल. ग्लुकोज भरपूर आहे आणि खाली येत नाही, म्हणजे यीस्ट आजारी आहे. तापमान ३५ च्या वर गेले होते का ते नोंदींत पाहा. मिलिलिटरमध्ये १५ ते २० कोटी पेशी आणि त्यांतल्या ९० टक्के जिवंत, अशी मोजणी यायला हवी. ग्लुकोज कमी पण डेक्स्ट्रिन भरपूर, म्हणजे ग्लुकोअमायलेज कमी पडले, सामू चुकला किंवा द्रवीकरण अर्धवट राहिले. दोन्ही कमी आणि अल्कोहोलही कमी, तर एक तर पीठच कमी पडले, नाहीतर जिवाणूंनी साखर खाल्ली.

जिवाणूंचा संसर्ग ओळखणे अवघड नाही. पहिल्या बारा-पंधरा तासांतच सामू ४ च्या खाली जातो आणि लॅक्टिक आम्ल चढते. ते ०.३ टक्क्यांवर दिसले की सावध व्हा. ०.८ टक्क्यांवर यीस्ट मंदावते. ॲसेटिक आम्ल तर ०.०५ टक्क्यालाच त्रास देते. मूळ बहुतेक वेळा टाकीत नसते. ते थंड करणाऱ्या प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये, वापरात नसलेल्या पाइपच्या तुकड्यात किंवा परत फिरवलेल्या पातळ द्रवात असते. कॉस्टिक सोड्याचे २ ते ४ टक्के द्रावण ८० ते ८५ अंशांवर अर्धा तास फिरवून त्या जागा धुवा, आणि धुण्याआधी गाळ पाण्याने काढा, कारण गाळाखाली कॉस्टिक पोहोचत नाही. प्रतिजैविके हा सोपा पण वाईट मार्ग आहे. त्यांचे अंश खाद्यात जाण्याची भीती असते आणि काही महिन्यांत जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात.

एप्रिल-मेमध्ये कूलिंग टॉवरचे पाणीच २८-३० अंशांना मिळते. तेव्हा टाकी ३२ वर ठेवता येत नाही आणि नेमका मक्याचा तुमचा हंगाम तोच असणार. चिलरची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

डीडीजीएस नावाचे खाद्य सोयापेंडीपेक्षा स्वस्त मिळते. गायींना किती द्यावे? काही अपाय होतो का? — दूध उत्पादक, ता. फलटण

इथेनॉल काढल्यावर उरणारा, वाळवलेला चोथा म्हणजे डीडीजीएस. टनभर मक्यातून तो साधारण ३०० किलो निघतो. मक्यातला स्टार्च निघून गेला, म्हणून बाकीचे सगळे जवळपास तिपटीने घट्ट झाले. प्रथिने ८-९ टक्क्यांवरून २६ ते २८ वर जातात, स्फुरद आणि स्निग्धांशही वाढतात. आणि मक्यात विष असेल तर तेही तिप्पट होते. मक्यात २० पीपीबी, म्हणजे किलोला २० मायक्रोग्रॅम, अफलाटॉक्सिन असेल तर चोथ्यात ६० होते. पशुखाद्याच्या भारतीय मानकाची मर्यादा २० आहे. गायीने ६० पीपीबीचा दोन किलो चोथा खाल्ला तर तिच्या पोटात १२० मायक्रोग्रॅम गेले. त्याचा साधारण दोन टक्के अंश दुधात उतरतो, म्हणजे २.४ मायक्रोग्रॅम. ती १२ लिटर दूध देत असेल तर लिटरला ०.२. दुधाची कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ आहे. सरकी पेंड आणि भरड्यातून येणारे वेगळेच. म्हणून विक्रेत्याकडे त्या लॉटचा अफलाटॉक्सिन अहवाल मागा. अहवाल नसेल तर स्वस्त असला तरी घेऊ नका. हे दूध लहान मुले पितात.

प्रथिनांचा आकडाही तपासून घ्या. प्रयोगशाळा नत्र मोजून प्रथिने काढते, त्यामुळे युरिया मिसळला तरी आकडा फुगतो. तांदळाचे इथेनॉल केल्यावर उरणाऱ्या चोथ्यात प्रथिने ४० टक्क्यांच्या वर असतात. मक्याचा म्हणून दिलेल्या मालात ४५ टक्के दाखवले तर तो एक तर मक्याचा नाही किंवा त्यात भेसळ आहे. रंग सोनेरी-पिवळा हवा. काळपट आणि जळका वास असेल तर ड्रायरमध्ये करपलेला आहे, त्यातली प्रथिने जनावराला पचत नाहीत.

द्यायचे कसे? पहिल्या आठवड्यात अर्धा किलो, दोन आठवड्यांत वाढवत १२-१५ लिटरच्या गायीला दीड ते दोन किलोपर्यंत. ते पेंडीच्या जागी द्यायचे, पेंडीवर जास्तीचे नाही. सगळी पेंड मात्र काढू नका, मक्याच्या प्रथिनांत लायसिन कमी असते. चोथ्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही, म्हणून दोन किलोमागे ५०-६० ग्रॅम खाद्य दर्जाची चुनखडी पूड द्या, नेहमीचे खनिज मिश्रण वेगळे. फॅट घसरले तर चोथा कमी करा आणि वैरण वाढवा. गंधकावरही लक्ष हवे. डिस्टिलरीत सामूसाठी सल्फ्युरिक आम्ल वापरतात, ते चोथ्यात उतरते. एकूण आहारात गंधक ०.४ टक्क्यांच्या वर गेले तर जनावराला मेंदूचा आजार होऊ शकतो. बोरवेलचे पाणी सल्फेटयुक्त असेल तर धोका वाढतो. बोकडांना चोथा जास्त दिला तर जास्तीच्या स्फुरदामुळे मूतखडा होतो, त्यांना तो न दिलेलाच बरा.

डिस्टिलरीजवळ राहत असाल तर ओला चोथा आणखी स्वस्त मिळतो. पण त्यात ६५ ते ७० टक्के पाणी असते. उन्हाळ्यात दोन दिवसांत आणि थंडीत चार-पाच दिवसांत तो संपवावा लागतो. वाहतूक पाण्याचीच होते, म्हणून भावाचा हिशेब कोरड्या पदार्थावर करा. ओला ३० टक्के कोरडा धरला तर ३ किलो ओला म्हणजे १ किलो वाळलेला.

इथेनॉलमुळे मक्याला भाव आला, पण आमच्या सोयाबीनचा भाव पडला असे म्हणतात. दोन्हींचा संबंध काय? — शेतकरी, जि. लातूर

संबंध आहे आणि तो चोथ्यातूनच आहे. सोयाबीनचे गाळप तेलासाठी होते असे वाटते, पण दाण्यात तेल १८ टक्क्यांच्या आसपास आणि पेंड ८० टक्क्यांच्या. गिरणीचा बराचसा पैसा पेंडीतून येतो. कोंबडीखाद्य आणि पशुखाद्य करणाऱ्यांनी पेंडीचा काही वाटा डीडीजीएसने भरला की पेंडीची मागणी घटते आणि गिरणी सोयाबीनला कमी भाव देते. शंभर कोटी लिटर मक्याचे इथेनॉल झाले की २६ लाख टन मका लागतो आणि सुमारे ८ लाख टन चोथा बाजारात येतो. अर्थात सोयाबीनच्या पडझडीला खाद्यतेलाची आयात आणि जागतिक बाजारही जबाबदार आहेत, सगळा दोष चोथ्यावर टाकणे योग्य नाही. पण धोरण आखताना मक्याच्या शेतकऱ्याचा फायदा मोजला आणि सोयाबीनच्या शेतकऱ्याचा तोटा मोजलाच नाही, असे होऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

मक्याचा भावही कायमचा नाही. धान्याची डिस्टिलरी मक्यावर चालते तशी तांदळावरही चालते. अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,२५० रुपयांना खुला झाला आणि तांदळाचा उतारा टनाला ४५० लिटर धरला, तर लिटरमागे कच्चा माल ५० रुपयांत पडतो. २,४०० च्या मक्याशी तुलना करा. डिस्टिलरी त्या महिन्यात कोणाकडे वळेल हे सांगायला नको. पेरणी ठरवताना तांदळाच्या सरकारी दराकडेही लक्ष ठेवा.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, ४०० सभासद. गावातच लहान इथेनॉल प्रकल्प टाकता येईल का? — ता. येवला

टाकू नका. अल्कोहोलचे उत्पादन महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय करता येत नाही, इंधनाची साठवण स्फोटक विभागाच्या नियमांत येते, आणि ९५ टक्क्यांवरून ९९.६ वर नेणारी यंत्रणा लहान प्रमाणावर परवडत नाही. १०० किलोलिटरच्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे ८७ हजार टन मका लागतो. एकरी २५ क्विंटल धरले तर जवळपास ३५ हजार एकर. तुमच्या कंपनीची जागा त्याच्या आधी आहे. एक ड्रायर, एक सफाई यंत्र, प्रमाणित मॉइश्चर मीटर आणि अफलाटॉक्सिनची झटपट तपासणी पट्टी. १३ टक्क्यांचा, तपासलेला, एकसारखा माल दहा-दहा टनांच्या गाडीने देणाऱ्याला डिस्टिलरी फाटकावर थांबवत नाही.

मक्याची ताटे आणि दाणे काढलेल्या बिट्ट्या यांपासून इथेनॉल होते का? — विद्यार्थी, जळगाव

होते, पण रस्ता वेगळा. तिथे स्टार्च नाही, सेल्युलोज आहे आणि ते लिग्निनने जखडलेले असते. आधी आम्ल आणि वाफेच्या दाबाने ते सोडवावे लागते, मग महागडी विकरे. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या काडापासून इथेनॉल करणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. तुमच्याकडच्या बिट्ट्यांना आज वीटभट्टी आणि बॉयलर हेच खरे गिऱ्हाईक आहे.

ई-२० पेट्रोलमुळे माझ्या २०१६ च्या दुचाकीचे ॲव्हरेज पडले. मक्याचे इथेनॉल उसाच्या इथेनॉलपेक्षा हलके असते का? गाडीत काय बदलावे? — पुणे

इथेनॉलचा रेणू एकच, ऊस असो की मका. फरक पेट्रोलशी आहे. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. पाचवा हिस्सा इथेनॉल झाले की एकूण ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट सांगितली होती. ५० चे ॲव्हरेज ४८ वर आले तर ते यामुळे. ५० चे ४० झाले असेल तर दोष दुसरीकडे आहे. एअर फिल्टर, प्लग आणि चिकटलेला ब्रेक आधी पाहा.

बदलायचे ते रबर. पेट्रोलची नळी, कॉकमधला वॉशर, कार्बोरेटरच्या ओ-रिंगा आणि फ्लोटच्या सुईचे टोक. साधे नायट्राइल रबर इथेनॉलने फुगते आणि मग कडक होऊन चिरते. फ्लोरोकार्बन रबराचे, म्हणजे दुकानात वायटन नावाने मिळणारे भाग बसवा. टाकी जुनी असेल तर इथेनॉल आतला गंज सैल करते, तो जेटमध्ये अडकतो. पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदला.

पावसाळ्यात टाकीत पाणी जाणार नाही याची काळजी घ्या. इथेनॉल पाणी शोषून घेते, पण मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर करतात. गाडी सुरू होत नाही आणि टाकीचे बूड गंजते. काचेच्या बाटलीत तळातले थोडे पेट्रोल काढा. दोन थर दिसले तर वर नवे पेट्रोल ओतून उपयोग नाही, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत दमट हवा राहत नाही, कॉक बंद करा आणि कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सैल करून त्यातले पेट्रोल काढून टाका.